प्रवासाची खतावणी : बर्फाचा वायदा

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडून आईवडिलांना येणारी निमंत्रणे अलीकडे बदलली आहेत. पूर्वी नायगारा पाहायला बोलावणे येई. आता 'वसंतात कोलोरॅडोच्या डोंगरांत आठवडाभर सगळे एकत्र राहू, मुले स्कीइंग शिकतील,' असा निरोप येतो. घरात आनंद होतो आणि दुसऱ्याच दिवशी एक रुक्ष प्रश्न पुढे येतो : लिफ्ट पास कोणते घ्यायचे आणि किती घ्यायचे? विमानाच्या तिकिटाचा आणि घरभाड्याचा आकडा आपल्याला कळतो. लिफ्ट पासाचे दरपत्रक मात्र व्यापारात मुरलेल्या माणसालाही प्रथमदर्शनी गोंधळात टाकते. एकाच दिवशी, एकाच खुर्चीवर शेजारी बसून डोंगर चढणाऱ्या दोघांनी मोजलेल्या किमतींत तिपटीचे अंतर असू शकते. असे का होते, आणि वर्षातून एकदाच बर्फावर जाणाऱ्या कुटुंबाने या बाजारात कसे उतरावे, हा या अंकाचा विषय.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. स्कीइंग म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येणे. उतरण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. वर जाण्यासाठी दोरावर फिरणाऱ्या खुर्च्या किंवा बंद डबे असतात. त्यांनाच लिफ्ट म्हणतात. आपण विकत घेतो तो या लिफ्टमध्ये बसण्याचा हक्क. हा हक्क दिवसापुरता असतो, काही दिवसांपुरता असतो किंवा संपूर्ण हंगामापुरता असतो. रिकामी गेलेली खुर्ची कंपनीला उद्या विकता येत नाही आणि न वापरलेला दिवस आपल्याला उद्या परत मिळत नाही. भाजीपाल्याहूनही नाशवंत असा हा माल आहे. दरांतील सारी गुंतागुंत या नाशवंतपणातून निघाली आहे.

डोंगर चालवणाऱ्या कंपनीची खरी चिंता हवामानाची असते. लिफ्टची देखभाल, कृत्रिम बर्फ पाडणारी यंत्रे, कर्मचाऱ्यांचे पगार हा खर्च बर्फ पडो वा न पडो, ठरलेलाच. उत्पन्न मात्र आकाशाकडे डोळे लावून बसलेले. एखाद्या हिवाळ्यात बर्फ उशिरा आला की गल्ला कोरडा. यावर कोलोरॅडोतील व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २००८ साली एक उपाय बाजारात आणला. तिने आपल्या अनेक डोंगरांसाठी मिळून 'एपिक पास' नावाचा हंगामी पास ५७९ डॉलरला विकायला काढला. अट एकच होती : पैसे हिवाळ्यापूर्वी भरायचे. पुढे २०१८ साली डेन्व्हरच्या अल्टेरा कंपनीने 'आयकॉन पास' आणला, आणि अमेरिकेतील बहुतेक मोठे डोंगर या ना त्या पासाच्या छत्राखाली आले.

आपल्या वाचकांना हा व्यवहार ओळखीचा वाटेल, कारण हा सरळसरळ वायदा आहे. माल अजून आकाशात आहे, भाव आज ठरला आहे आणि रक्कमही आजच वळती झाली आहे. कंपनीने भाव कमी केला आणि त्याच्या मोबदल्यात हवामानाची जोखीम ग्राहकाच्या पदरात टाकली. कंपनीच्या दृष्टीने हा उत्तम सौदा. वारंवार बर्फावर जाणाऱ्या स्थानिक माणसालाही तो परवडतो, कारण त्याचे दिवस हंगामभर विखुरलेले असतात. एक आठवडा फुकट गेला तर पुढचा असतो. वर्षातून पाचच दिवस जाणाऱ्या कुटुंबाची जोखीम मात्र एकाच आठवड्यावर एकवटलेली असते. तोच पास, तोच भाव, पण दोघांच्या खतावणीत त्याचे मोल अगदी भिन्न.

या विक्रीचे कालचक्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढील हिवाळ्याचे पास आदल्या वसंतातच विक्रीला येतात आणि तेव्हा ते सर्वांत स्वस्त असतात. उन्हाळा सरता सरता भाव चढतात आणि डिसेंबरच्या पूर्वार्धात विक्री साधारणपणे बंद होते. त्यानंतर उरते ते रोजचे तिकीट. व्हेलसारख्या नामांकित डोंगराच्या खिडकीवर गर्दीच्या दिवशी त्याचा भाव अलीकडे ३०० डॉलरच्या वर गेला आहे. म्हणजे मार्च-एप्रिलच्या सहलीचा पास ही दिवाळीच्या आसपास ठरवण्याची बाब आहे. फेब्रुवारीत जागे होणाऱ्यास मोठ्या डोंगरांवर निवड फारशी उरत नाही.

आता त्या ३०० डॉलरच्या आकड्याकडे नीट पाहावे. पास विकत घेताना हाच आकडा आपल्यासमोर धरला जातो. समजा, हंगामी पासाची किंमत १,००० डॉलर आहे. खिडकीच्या भावाने भागले तर चौथ्याच दिवशी पास फिटतो आणि पाचवा दिवस जणू फुकट पडतो. हिशेब बिनचूक दिसतो. परंतु खिडकीचा भाव ही छापील किंमत आहे आणि छापील किमतीशी तुलना करून खरेदी करणारा व्यापारी आपल्यात विरळा. खरी तुलना दुसऱ्या उपलब्ध मालाशी करावी. एपिकचा 'डे पास' हा १ ते ७ दिवसांचा असतो आणि आयकॉनचा 'सेशन पास' २ ते ४ दिवसांचा. दोन्ही हंगामापूर्वीच घ्यावे लागतात, पण दिवस मोजून घेता येतात. समजा, अशा पासात एका दिवसाला १२० डॉलर पडतात. आता १,००० ला १२० ने भागा. हंगामी पास फिटायला ९ दिवस लागतील. पाच दिवसांच्या सहलीत नऊ दिवस कोठून आणणार? येथे घेतलेले आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत आणि प्रत्यक्ष दर दरवर्षी बदलतात. भागाकार कोणत्या संख्येने करायचा हे मात्र बदलत नाही.

स्वस्त पासांत आणखी एक बारकावा असतो. एपिक लोकल आणि आयकॉन बेस हे पास मुख्य पासांहून कमी किमतीचे आहेत, कारण त्यांत काही दिवस वर्ज्य केलेले असतात. नाताळानंतरचा आठवडा, जानेवारीतील मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी, फेब्रुवारीतील प्रेसिडेंट्स डे हे असे गर्दीचे दिवस. मार्च-एप्रिलमध्ये जाणाऱ्या कुटुंबाला या दिवसांशी काहीच कर्तव्य नाही. जे दिवस आपल्याला नकोच आहेत ते सोडून देण्याबद्दल सूट मिळत असेल तर ती आनंदाने घ्यावी. मात्र अशा पासांत काही डोंगरांवरील दिवसांची संख्याही मर्यादित असते किंवा काही डोंगर वगळलेले असतात. ती यादी वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आता सर्वांत मोठी बचत कोठे दडली आहे ते पाहू. ती सवलतीच्या योजनांत नसून माणशी दिवसांच्या मोजणीत आहे. समजा, घरात सहा माणसे आहेत : आजोबा, आजी, मुलगा, सून, दहा वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. मुक्काम पाच दिवसांचा. घाईत हिशेब केला तर सहा गुणिले पाच, म्हणजे ३० दिवसांचे पास. आता एकेकाचे नाव घेऊन विचार करू.

आजोबा आणि आजी स्कीइंग करणार नाहीत. त्यांना पास नको. डोंगर पाहायचा असेल तर ब्रेकेनरिज गावातून वरच्या तळापर्यंत नेणारा गोंडोला विनाशुल्क आहे. इतर अनेक ठिकाणी केवळ दृश्य पाहण्यासाठी वेगळे, स्वस्त तिकीट मिळते. नातू चार वर्षांचा आहे. व्हेल रिसॉर्ट्सच्या डोंगरांवर चार वर्षे व त्याखालील मुलांना लिफ्टचे शुल्क पडत नाही. त्याचा खर्च असेल तो शिकवणीचा. नात पहिले दोन दिवस शिकवणीत जाईल आणि एक दिवस वडिलांबरोबर खेळेल : तीन दिवस. शिकवणीच्या शुल्कात लिफ्टचे तिकीट धरलेले आहे का, हे आधी विचारावे. पुष्कळ ठिकाणी नवशिक्यांसाठी शिकवणी, लिफ्ट आणि साहित्याचे भाडे अशी एकत्र योजना असते. सुनेला शिकून पाहायचे आहे : दोन दिवस. मुलाला स्कीइंग येते : चार दिवस, कारण पोहोचल्यानंतरचा पहिला दिवस विश्रांतीचा. बेरीज झाली ९. तीस आणि नऊ यांतील अंतर कोणत्याही सवलतीने भरून निघणारे नाही.

मुलगा कोलोरॅडोतच राहत असेल आणि हिवाळ्यात दहा-बारा वेळा डोंगरावर जात असेल तर त्याच्यापुरता हंगामी पास योग्यच. अशा पासधारकाला आप्तेष्टांसाठी काही तिकिटे सवलतीत मिळतात. सुनेचे दोन दिवस त्यातून भागू शकतात. ही तिकिटे मोजकी असतात आणि काहींवर तारखांचे बंधन असते, म्हणून ती मित्रमंडळींत वाटून टाकण्याआधी घरच्यांचा विचार व्हावा. कोलोरॅडोत प्राथमिक शाळेतील मुलांसाठी विनामूल्य दिवस देणाऱ्या योजनाही आहेत. त्यांतील काहींची नोंदणी हिवाळ्यापूर्वीच संपते.

पासाची निवड करण्याआधी डोंगराची निवड व्हायला हवी. बहुतेक घरांत उलट घडते : पास आधी घेतला जातो आणि मग तो जेथे चालतो त्या डोंगरावर सारे कुटुंब जाते. ब्रेकेनरिज, व्हेल, बीव्हर क्रीक आणि कीस्टोन हे एपिकचे. विंटर पार्क, कॉपर माउंटन आणि स्टीमबोट हे आयकॉनचे. विंटर पार्कला हिवाळी हंगामात डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून रेल्वेने जाता येते. बर्फाच्या रस्त्यावर गाडी चालवण्याची सवय नसलेल्यांना हा मोठा आधार. लव्हलँडसारखा डोंगर या दोन्ही पासांच्या बाहेर आहे. तेथे झगमगाट नाही, पायथ्याशी दुकानांची रांग नाही. परंतु तिकीट मोठ्या डोंगरांहून पुष्कळ स्वस्त आणि नवशिक्यांसाठी वेगळा भाग राखलेला. ज्या कुटुंबातील बहुतेक माणसे पहिल्यांदाच बर्फावर उभी राहणार आहेत, त्यांना हजारो एकरांच्या डोंगराचा उपयोग काय? अमेरिकेत सोप्या उतारांवर हिरव्या वर्तुळाची खूण असते, मध्यमांवर निळ्या चौकोनाची आणि अवघडांवर काळ्या चौकटची. नवशिका पहिले दोन दिवस हिरव्या वर्तुळाच्या दोन-तीन वाटांवरच असतो. तेवढ्यासाठी साऱ्या डोंगराचे भाडे भरणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

काळाची निवडही तितकीच महत्त्वाची. अमेरिकेत शाळांची वसंत सुट्टी बहुधा मार्चच्या मध्यात येते. तेव्हा बर्फ भरपूर असतो, गर्दी असते आणि राहण्याचे भाव चढलेले असतात. आपल्याकडे त्याच वेळी नातवंडांच्या परीक्षा असतात आणि पेढीवर ३१ मार्चची वर्षअखेर असते. त्यामुळे भारतातून जाणाऱ्या कुटुंबाला एप्रिलच सोयीचा. एप्रिलमध्ये गर्दी ओसरते, ऊन सुखद असते आणि घरे स्वस्त मिळतात. मात्र कोणता डोंगर कधी बंद होतो ते पाहणे आवश्यक. कीस्टोन साधारणपणे एप्रिलच्या आरंभी मिटते, बीव्हर क्रीक महिन्याच्या मध्याला, व्हेल त्यानंतर. ब्रेकेनरिज बर्फ टिकल्यास मे महिन्यात शिरते, आणि अरापाहो बेसिन तर कित्येकदा जूनपर्यंत उघडे असते. पास चालू आहे पण डोंगर बंद आहे, अशी अवस्था एप्रिलात सहज येऊ शकते.

वसंतातील बर्फाची स्वतःची दिनचर्या असते, आणि तिचा पासाच्या हिशेबाशी थेट संबंध आहे. दिवसा उन्हाने वितळलेला बर्फ रात्री गोठतो. सकाळी नऊला उतार काचेसारखा कठीण असतो. नवशिक्याने त्यावर जाऊ नये. साडेनऊ-दहानंतर वरचा थर सैल होऊन जाड्या रव्यासारखा दाणेदार होतो. हा वसंतातला सर्वांत सुखाचा बर्फ, आणि पडले तरी फारसे न लागणारा. पूर्वेकडील उतार आधी मऊ होतात, पश्चिमेकडील नंतर, उत्तरेकडील सर्वांत शेवटी. जाणकार मंडळी सूर्यामागोमाग उतार बदलत जातात. दुपारी एक-दोननंतर हाच बर्फ पाणी सुटून जड होतो. पट्ट्या त्यात अडकतात, शरीर पुढे जाते, पाऊल मागे राहते आणि गुडघ्याला पीळ बसतो. म्हणजे लिफ्ट सकाळी नऊ ते दुपारी चार चालत असली तरी कुटुंबाच्या उपयोगाचे तास तीन किंवा चार. काही डोंगरांवर अर्ध्या दिवसाचे तिकीट मिळते, पण ते बहुधा दुपारचे असते. वसंतात ते स्वस्त का पडते, हे आता सांगायला नको.

उंचीचाही विचार हवा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे. ब्रेकेनरिज गाव सुमारे २,९०० मीटरवर, आणि तेथील सर्वांत वरची लिफ्ट ३,९०० मीटरच्या पुढे पोहोचते. मुंबई-पुण्याहून थेट तेथे गेलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे हे त्रास होऊ शकतात. एक-दोन रात्री डेन्व्हरला काढून वर जावे, पाणी भरपूर प्यावे, आणि हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परतवतो. म्हणून स्कीइंग न करता नुसत्या बाकावर बसणाऱ्या आजीलाही गडद चष्मा आणि मलम लागते. पहिल्या दिवसाचा पास कोणाच्याच नावे काढू नये, असे म्हणण्याचे कारण हेच.

आपल्या घरांना आहाराचा प्रश्न सोडवल्याशिवाय प्रवास आखता येत नाही. डोंगरावरील उपाहारगृहांत कांदा, लसूण आणि बटाटा यांवाचून मिळणारे पदार्थ थोडे. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे हाच सोयीचा मार्ग. २,९०० मीटरवर पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळते, त्यामुळे डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही; प्रेशर कुकर बरोबर न्यावा. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांना तर वसंत ऋतू विशेष अनुकूल आहे. डिसेंबरअखेर कोलोरॅडोत सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो आणि लिफ्ट चारला बंद होते. घरी येऊन जेवायला वेळच उरत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि मार्चच्या मध्यात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, एप्रिलच्या मध्यात साडेसातनंतर. दुपारी दोनला उतार सोडला तर स्वयंपाक, भोजन आणि फेरफटका सारे निवांत होते. कपड्यांतही पाहून घ्यावे : पुष्कळ जाड कोटांत पक्ष्यांची पिसे भरलेली असतात आणि हातमोजे चामड्याचे असतात. कृत्रिम धाग्यांचे उबदार कोट आणि मोजे तितकेच सहज मिळतात, भाड्यानेही मिळतात.

आता जोखमीकडे वळू. वायदा करणाऱ्याने तो न निभावण्याची शक्यता आधी पाहावी. भारतातून जाणाऱ्यांसाठी पहिली शक्यता व्हिसाची. मुलाखतीची तारीख मिळालेली नसताना पास घेऊन ठेवणे शहाणपणाचे नाही; ज्यांचा व्हिसा हाती आहे त्यांचेच पास काढावेत. दुसरी शक्यता आजारपणाची. पास साधारणपणे परत घेतला जात नाही आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. एपिक पासाबरोबर आजार, दुखापत अशा काही कारणांसाठी परताव्याची सोय जोडलेली असते. तिच्या अटी वाचून ठेवाव्यात. तिसरी शक्यता डोंगरच बंद होण्याची. १४ मार्च २०२० रोजी महासाथीमुळे कोलोरॅडोच्या गव्हर्नरांनी राज्यातील स्कीइंगचे डोंगर बंद करण्याचा आदेश दिला. नेमक्या वसंत सुट्टीच्या तोंडावर हजारो कुटुंबांच्या हातातले पास निरुपयोगी झाले. कंपन्यांनी पुढे दिली ती प्रामुख्याने पुढील हंगामासाठीची सूट. जवळ राहणाऱ्याला ती उपयोगी पडली. दुरून एकदाच येणाऱ्याला तिचा काय उपयोग? डिसेंबर २०२४ च्या अखेरीस युटातील पार्क सिटी येथे डोंगरावरील सुरक्षा पथकाचा संप झाला, तेव्हा डोंगर चालू असूनही त्याचा मोठा भाग बंद राहिला आणि सुट्टीसाठी आलेली माणसे लांबच लांब रांगांत उभी राहिली. पास हा लिफ्टमध्ये बसण्याचा हक्क आहे. लिफ्ट चालू राहील याची हमी त्यात नाही.

विम्याविषयी एक वाक्य पुरे : अनेक प्रवासविम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. अमेरिकेत मोडलेल्या हाडाचा खर्च सबंध सहलीच्या खर्चाहून अधिक होऊ शकतो. स्कीइंगची दुखापत विम्यात धरली आहे, असे लेखी पाहिल्याशिवाय कोणाच्याही पायाला पट्टी बांधू नये.

एवढे सगळे हिशेब नीट जमले तरी एक चूक उरते, आणि ती अगदी हिशेबी घरांतही घडताना दिसते. पास घेतला की त्याची वसुली करायची, ही ती चूक. पैसे मोजले आहेत म्हणून कठीण बर्फावर सकाळी नऊला मुलांना उभे केले जाते. पैसे मोजले आहेत म्हणून दुपारी तीनला, पाय थरथरत असताना, 'आणखी एक फेरी' मारली जाते. सून घाबरली आहे, तिला खाली बसून मुलांकडे पाहत चहा घ्यायचा आहे. पण पास वाया जाईल म्हणून कोणी तिला वर नेतो. मोबाइलवरील अ‍ॅप दिवसभरात किती फूट उतरलात ते मोजून दाखवते आणि घरात नकळत चढाओढ सुरू होते. सहल कुटुंबासाठी निघालेली असते. तिसऱ्या दिवशी सारे कुटुंब पासाची चाकरी करू लागते.

व्यापारात आपण असे वागत नाही. गोदामातील माल खराब झाला तर तो विकत घेताना किती पैसे दिले होते याचा विचार करत आपण तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत नाही. तोटा खात्यात मांडतो आणि पुढे जातो. गेलेली रक्कम आजच्या निर्णयात येऊ द्यायची नाही, हे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला वडीलधाऱ्यांनी शिकवलेले असते. पासाची रक्कम ज्या दिवशी भरली त्याच दिवशी ती खर्च झाली. एप्रिलमधील एखाद्या दुपारी उतारावर उभे असताना विचारायचा प्रश्न एकच : आत्ता वर जाण्यात सुख आहे की खाली थांबण्यात? या प्रश्नाच्या उत्तरात पासाच्या किमतीला जागा नाही.

म्हणून कमी दिवसांचा पास घेण्याचा आग्रह केवळ पैशांसाठी नाही. नऊ दिवस मोजून घेतलेल्या कुटुंबात 'आज नको' म्हणणे सोपे असते. तीस दिवस घेतलेल्या कुटुंबात प्रत्येक नकारावर शंभर-दीडशे डॉलरची पावती लटकलेली असते, आणि सर्वांत आधी गप्प बसते ते घरातील लहान मूल किंवा नुकतीच शिकू लागलेली सून. ज्याला खेळ येतो तो दिवसांचा हिशेब ठरवतो आणि ज्याला येत नाही तो तो हिशेब निभावतो, असे होता कामा नये. दिवस ठरवताना घरातील सर्वांत बिचकणाऱ्या माणसाचे मत प्रथम विचारावे.

ज्यांना पुढील वसंतात जायचे आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत एक कागद घ्यावा. डावीकडे घरातील प्रत्येकाचे नाव लिहावे, उजवीकडे त्याला किती दिवस खरोखर बर्फावर जायचे आहे तो आकडा त्याच्याच हाताने लिहवून घ्यावा. शून्य लिहिणाऱ्याची थट्टा करू नये. त्या बेरजेवरून डोंगर निवडावा, डोंगरावरून पास, आणि डिसेंबर उजाडण्यापूर्वी व्यवहार पुरा करावा. मग घरातील मोठ्याने सर्वांदेखत एवढे सांगून टाकावे की हे पैसे आजच खर्ची पडले. तेथे गेल्यावर कोणी त्यांची आठवण काढायची नाही. आजीच्या हातची गरम खिचडी आणि खिडकीतून दिसणारा उजळ डोंगर यांसाठी कोणताही पास लागत नाही, आणि पाचांपैकी एखादा दिवस तेवढ्यावर गेला तर तो खतावणीत जमेच्याच बाजूला लिहावा.